गंगेवर एवढी श्रद्धा, तरी गंगा अशी का?

गोदातीर

नमस्कार मंडळी,

सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आलाय. तपोवनात साधुग्रामासाठी झाडं तोडायचा विषय २०२५ च्या अखेरीस निघाला तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले, ते बघून फार बरं वाटलं. पण तेव्हापासून कट्ट्यावर, ऑफिसात, व्हॉट्सॲपवर जिथं गोदावरीच्या (नाशिकमध्ये तिलाच आम्ही गंगा म्हणतो) प्रदूषणाचा विषय निघतो तिथं गाडी दोनच ठिकाणी येऊन थांबते: 'लोकांना काही पडलेली नाही' किंवा 'सगळे खातात'. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात, म्हणून हा धागा.

नाशिककरांना गोदावरीचं काही वाटत नाही हे मला मान्यच नाही. संध्याकाळी गंगेवर चक्कर मारणारी, पहिल्या पुराला नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते बघायला पावसात उभी राहणारी, देवाचं निर्माल्य कचऱ्यात टाकायला हात न धजणारी माणसं इथलीच. आणि त्यांच्याच स्वयंपाकघरातलं, न्हाणीघरातलं पाणी नासर्डी, वाघाडी, वालदेवी या उपनद्यांतून त्याच गंगेत उतरतं. श्रद्धा कमी नाही आणि माहितीही कमी नाही. शाळेतल्या पोराला विचारा, जलप्रदूषणाची कारणं घडाघडा म्हणून दाखवेल. एवढं असून वागणं बदलत नाही, म्हणजे वागणं ठरवणारी गोष्ट दुसरीच कुठली तरी आहे.

मला वाटतं, मूळ इथं आहे: फायदा ज्याच्या पदरात पडतो त्याच्या पदरात तोटा पडत नाही. त्र्यंबकचं सांडपाणी गंगापूर धरणाच्या दिशेनं निघून जातं, त्याचा त्रास त्र्यंबकला नाही. नाशिकचं पाणी पुढं नांदूरमधमेश्वरला जाऊन साठतं. २०२० मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांची यादी) जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं ते पहिलं पाणथळ, आणि त्याच पट्ट्यात पानवेली माजतात, पूर आला की सायखेड्याच्या पुलाला येऊन अडकतात. त्या काढायची कटकट सायखेड्याची. तेच पाणी पुढं जायकवाडीत जातं आणि तिथून संभाजीनगरच्या नळाला. प्रत्येक गाव वरच्या गावाला बोल लावतं आणि खालच्या गावाकडे पाठ फिरवतं. आर्थर पिगू या अर्थशास्त्रज्ञानं शंभर वर्षांपूर्वी हे नीट मांडून ठेवलंय. जो खर्च दुसऱ्याच्या माथी जातो तो वस्तूच्या किमतीत धरला जात नाही, आणि किंमत कमी राहिल्यामुळे ती वस्तू गरजेपेक्षा जास्त बनते, जास्त वापरली जाते.

संस्थांचं आणखी वेगळं. कंपनी असो, महापालिका असो, साखर कारखाना असो, तिथं जे मोजलं जातं तेच केलं जातं. मॅनेजरला तिमाहीचे आकडे विचारतात, नगरसेवकाला पाच वर्षांनी मतं, ठेकेदाराला काम पूर्ण झाल्याचा दाखला. नदी बिघडायला वीस-पंचवीस वर्षं लागतात. तेवढ्या काळात या सगळ्यांच्या बदल्या, बढत्या, निवृत्त्या होऊन गेलेल्या असतात. त्या साखळीत वाईट माणूस एकही नसला तरी परिणाम वाईटच होतो. मला हे जास्त भीतीदायक वाटतं, कारण वाईट माणूस सापडला तर निदान त्याला हटवता येतं.

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामायिक कुरणाचं उदाहरण देऊन सांगितलं होतं की प्रत्येक गुराखी आपलं एकेक जनावर वाढवत जाणार आणि कुरण बोडकं होणार. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना ते पटलं नाही. त्यांनी जगभरातली कुरणं, जंगलं, पाट, मासेमारीची गावं अभ्यासली आणि दाखवलं की कित्येक ठिकाणी लोकांनी पिढ्यान्पिढ्या सामायिक गोष्ट नीट सांभाळली आहे. त्यासाठी त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ही गावं कशामुळे टिकली? वापरणारे कोण हे ठरलेलं होतं, नियम त्यांनीच केलेले होते, लक्ष ठेवणारा त्यांच्यातला होता, आणि नियम मोडला तर आधी छोटी, मग मोठी शिक्षा होती.

आपल्या जिल्ह्यातही अशी उदाहरणं आहेत, जाणकारांनी लिहावं. आणि एक विनंती. 'मानसिकता बदलली पाहिजे' असं मोघम नको. तुमच्या कामात, शेतात, सोसायटीत नेमकं कुठं अडतं ते लिहा.

शंकासुर

लेख चांगला आहे, पण तुम्ही माणसाला फार सूट देताय असं वाटतं. गाडीची काच खाली करून गोदापार्कसमोर कुरकुऱ्याचं पाकीट फेकणाऱ्याला कुठलं अर्थशास्त्र आड येतं? इंदूर बघा. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छ शहरांत पहिलं. तिथली माणसं काही परदेशातून आणलेली नाहीत. शिस्त आणि दंड, एवढंच लागतं.

महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी २०१८ मध्ये आली. पहिले काही महिने भाजीवाले पिशवी द्यायला घाबरत होते. दंड थांबला, पिशव्या परत आल्या. यात नदीच्या वर-खालीचा काय संबंध?

प्लेटर

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत प्लेटिंगचं (लोखंडी मालावर झिंकचा थर चढवायचं) छोटं युनिट चालवतो. नाव-गाव विचारू नका, पण 'नेमकं कुठं अडतं' याचं उत्तर देतो, कारण नासर्डीचं नाव निघालं की बोट आमच्याकडे वळतं.

आमच्याकडे नट, बोल्ट, ब्रॅकेट येतात, झिंक करून परत जातात. दर किलोवर. माल आधी तेल काढायच्या टाकीत, मग ॲसिडमध्ये, मग प्लेटिंगला, शेवटी पॅसिव्हेशनला, म्हणजे गंजू नये म्हणून वरून क्रोमचा पातळ थर. प्रत्येक टाकीतून निघाला की पाण्यात खळबळून काढायचा. या धुण्याच्या पाण्यात ॲसिड, झिंक, क्रोम सगळं थोडं थोडं उतरतं. ते पाणी नीट करायचं तर आधी मेटाबायसल्फाइट घालून विषारी सहा-वाला क्रोम (हेक्साव्हॅलंट) कमी घातक तीन-वर आणायचा, मग चुना घालून पीएच वर न्यायचा, गाळ खाली बसू द्यायचा, फिल्टर प्रेसमधून त्या गाळाचा केक काढायचा, पोत्यांत भरायचा आणि घातक कचऱ्याच्या गाडीनं रांजणगावच्या विल्हेवाट केंद्राला पाठवायचा. यात न येण्यासारखं काही नाही. आयटीआय झालेला मुलगा आठवड्यात शिकतो.

अडतं ते दरात. केमिकल, वीज, तो मुलगा, केकचे पैसे हे सगळं माझ्या किलोच्या दरात बसायला हवं. पण ज्यांचं जॉबवर्क करतो त्यांचं पर्चेस खातं दर वर्षी दर कमी करून मागतं. मी नाही म्हटलं तर पलीकडच्या गल्लीतला देतो, कारण त्याचा ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) फक्त तपासणीच्या दिवशी चालतो. साहेब येतात दिवसा आणि पाणी सुटतं रात्री, तेही पाऊस असला तर बिनधास्त. म्हणजे जो पाणी नीट करतो तो धंद्यातून बाहेर फेकला जातो आणि जो करत नाही तो टिकतो. दहा वर्षांनी इथं कोण उरलेलं असेल ते तुम्हीच सांगा. नंतर म्हणायचं, कारखानदार असेच!

शंकासुर, दंडाचं म्हणाल तर कागदावर तो आहेच. पण पकडलं जायची शक्यता दंडापेक्षा महत्त्वाची असते. वर्षातून एकदा बघणार असाल तर दंड कितीही मोठा लिहा, काही फरक पडत नाही.

आता दुसरी बाजू. पूर्वी पॅसिव्हेशन म्हणजे पिवळं, इंद्रधनुषी झाक असलेलं, सगळं सहा-वाल्या क्रोमचं. युरोपनं गाड्यांच्या भागांत त्यावर २००७ पासून निर्बंध आणले. मग गाडी बनवणाऱ्यांनी थेट ड्रॉइंगवरच लिहायला सुरुवात केली: सहा-वाला क्रोम चालणार नाही. ज्याच्या मालात सापडला त्याची लॉट परत. बघता बघता टाक्या बदलल्या. ना मोर्चा, ना प्रबोधन, ना पथनाट्य. ज्या गिऱ्हाईकाला नाही म्हणता येत नाही त्यानं मागितलं म्हणून झालं.

पण ती अट बोल्टवर काय राहिलं याची होती. पाण्यात काय गेलं ते त्या ड्रॉइंगवर कुणी लिहिलं नाही. रांजणगावची पावती जोडल्याशिवाय जॉबवर्कचं बिल पास होणार नाही, असं उद्या मोठ्या कंपन्यांनी ठरवलं तर आमच्या गल्लीतले सगळे ईटीपी महिन्याभरात चालू होतील. दर आपोआप सगळ्यांचाच वाढेल, मग मला भीती कसली?

रानवाटा

प्लेटर यांच्या प्रतिसादासाठी धाग्याचे आभार. शेवटचा परिच्छेद उद्योजकांच्या संघटनांपर्यंत पोचायला हवा.

अनघा_इंदिरानगर

आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे, त्यामुळे सामायिक गोष्टीचं काय होतं ते रोज बघते.

गच्चीवरची टाकी सकाळी भरून वाहायची. ओव्हरफ्लोचा पाइप पार्किंगच्या कोपऱ्यात उतरतो, तिथं शेवाळ धरलं होतं इतकं नेहमीचं. जाणारा-येणारा प्रत्येक जण बघायचा, 'अरे, पाणी चाललंय' म्हणायचा आणि स्कूटर काढून निघून जायचा. ही माणसं घरात नळ टपकला तर त्याच दिवशी प्लंबर बोलावतात. पाण्याचं मीटर सगळ्या इमारतीला मिळून एक, बिल मेंटेनन्समध्ये, आणि मेंटेनन्स सगळ्यांना सारखा. मग मी वाचवलेल्या पाण्याचा फायदा पाइपनं गाडी धुणाऱ्याला जाणार असेल तर मी का वाचवू, असा विचार कुणी बोलून दाखवत नाही, पण वागण्यात तोच असतो.

मी आधी नोटिसा लावल्या. 'पाणी हेच जीवन' वगैरे. काही फरक पडला नाही. मग सेन्सर बसवला, टाकी भरली की पंप बंद. सभेत त्यासाठी पैसे मंजूर करून घ्यायला मात्र फार वेळ लागला, कारण वाया जाणारं पाणी कुणाच्याच खिशातून गेल्यासारखं दिसत नव्हतं. आता प्रत्येक फ्लॅटला वेगळं मीटर लावायचा विषय काढलाय. विरोध होतोय, तोही मोठ्या कुटुंबांकडून, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. माणसं जास्त तर पाणी जास्त लागणारच. यावर कुणी दरडोई काही सूत्र वापरलं असेल तर सांगा.

कचऱ्याचं बोलायचं तर घंटागाडी दारात येते म्हणून लोक कचरा तिथं टाकतात. गाडी चुकली की तोच माणूस रात्री पिशवी नाल्याच्या कठड्यावर ठेवून येतो. माणूस तोच हो, फक्त गाडी आली नाही.

जुना ओव्हरसिअर

एका महापालिकेत (कुठल्या ते सोडा) ड्रेनेज विभागात उभी नोकरी गेली. नदीत सांडपाणी का जातं याचं उत्तर लोकांना वाटतं त्यापेक्षा साधं आहे.

रस्त्याखाली दोन वेगळ्या वाहिन्या असतात. एक मलवाहिका, ती शुद्धीकरण केंद्राकडे जाते. दुसरी पावसाळी गटार, ती थेट नाल्याला आणि नाल्यातून नदीला. इमारत उभी राहिली की बांधणाऱ्याला मलवाहिकेला जोडणी द्यायची असते. ती असते रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, खोल. रस्ता फोडायची परवानगी, त्याचे पैसे, पुन्हा डांबर. आणि पावसाळी गटार असतं फाटकाशी, हाताला येईल एवढ्यावर. एका रात्रीत पाइप जोडला जातो. नकाशावर जोडणी बरोबर दाखवलेली असते, दाखला मिळतो, फ्लॅट विकले जातात. राहायला येणाऱ्याला आपलं पाणी कुठं जातं ते आयुष्यभर कळत नाही.

केंद्रांचं सांगतो. तपोवन, टाकळी, चेहेडी, पंचक ही नावं नाशिककरांना माहीत आहेत. अशी केंद्रं बांधायला २००५ नंतर केंद्र सरकारच्या जेएनएनयूआरएमसारख्या शहर सुधारणेच्या योजनांतून अनुदान मिळायचं. चालवायला मिळायचं नाही. चालवायचा मोठा खर्च विजेचा, कारण पाण्यात सतत हवा सोडावी लागते, त्याशिवाय जिवाणू काम करत नाहीत. महापालिकेला पैशांची ओढाताण झाली की अधिकारी काय करतो? खड्डा बुजवला नाही तर दिवसाला पन्नास फोन येतात. हवा सोडणारा ब्लोअर बंद राहिला तर एकही फोन येत नाही. तो खड्डाच बुजवणार. मी त्या खुर्चीत बसलोय, हा मोह किती मोठा असतो ते मला ठाऊक आहे.

त्यात जुनी केंद्रं बीओडी (पाण्यात उरलेल्या सेंद्रिय घाणीचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) ३० च्या हिशेबानं बांधलेली. पुढं १० चा आग्रह आला. केंद्र अगदी ठणठणीत चाललं तरी नवा निकष गाठू शकत नाही, पुन्हा बांधकाम आलं, पुन्हा अनुदानाची वाट बघणं आलं.

कुंभाचं वेगळंच. स्नानाच्या तारखा पंचांगानं ठरलेल्या, त्या पुढं ढकलता येत नाहीत. निधी येतो उशिरा. मग जे पटकन होतं आणि डोळ्यांना दिसतं तेच काम निवडलं जातं: घाट, रस्ता, काँक्रीट. २००३ च्या सिंहस्थाच्या वेळी पात्रात, कुंडांत काँक्रीट झालं, तळाचे जिवंत झरे त्याखाली गेले. आणि नंतरची कित्येक वर्षं तेच काँक्रीट काढायच्या मागणीत, कोर्टकचेरीत गेली. शहरातल्या प्रत्येक पावसाळी गटाराचं झाकण उघडून आत कुणाचं पाणी येतंय ते शोधणं, हे काम घाटाहून कितीतरी स्वस्त. पण त्याचं उद्घाटन करता येत नाही, फीत कापायला काही उरत नाही.

निफाडकर

द्राक्षवाला आहे. प्लेटर भाऊंनी लिहिलेलं वाचून अंगावर काटा आला, कारण आमचीही गोष्ट अगदी तीच आहे.

२०१० ला क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले. तोवर ते वाढरोधक सगळेच मारायचे, घड चांगला येतो म्हणून. त्या वर्षी माणसं कर्जात बुडाली. आज काय आहे? निर्यातीच्या प्लॉटवर प्रत्येक फवारणीची नोंद, काढणीच्या किती दिवस आधी काय बंद करायचं ते पोरांनाही पाठ, रेसिड्यूचा (औषधाच्या अंशांचा) रिपोर्ट आल्याशिवाय माल हलत नाही. आणि लोकल मार्केटच्या प्लॉटवर? तिथं रिपोर्ट कुणी मागत नाही. शेतकरी एकच, बांधही एकच.

पाण्यावर बोलतो, कारण ते जास्त बिकट आहे. ठिबक आलं तेव्हा सगळे म्हणाले पाणी वाचेल. वाचलं. वाचलेल्या पाण्यावर आम्ही अजून दोन एकर बाग लावली. विहिरीतून जेवढं जात होतं तेवढंच जातंय, उलट थोडं जास्तच. मग शेततळं आलं. कल्पना पावसाचं पाणी धरायची होती. प्रत्यक्षात खाली प्लास्टिक अंथरतात आणि विहिरीचं, बोअरचं पाणी उपसून वर उन्हात ठेवतात. का? कारण जमिनीखाली ठेवलं तर शेजारी ओढून घेईल. तळ्यात भरलं की ते माझं झालं. उन्हाळ्यात किती उडून जातं ते आम्हाला दिसतं हो, आम्ही आंधळे नाही. पण एप्रिल छाटणीनंतर पाणी नसलं तर पुढच्या वर्षीची काडीच तयार होत नाही, बाग वाया जाते. एका एकराच्या मांडव, तार, ठिबकात किती पैसे अडकलेत ते द्राक्षवाल्याला विचारा. एवढं गुंतवल्यावर कुणी पाण्याचा जुगार खेळत नाही.

वरून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला एप्रिल २०२४ पासून बिल माफ. शेतकऱ्याला दिलासा पाहिजेच होता, त्याबद्दल वाद नाही. पण पंपाला ऑटो लावलेला असतो, रात्री लाइट आली की पंप आपोआप चालू, पाणी लागतंय की नाही ते बघायला कुणी उठत नाही. आपल्याकडं खाली काळा पाषाण. फटीत असेल तेवढंच पाणी. आणि १८८२ पासूनच्या कायद्यानं ज्याची जमीन त्याचं खालचं पाणी. भूजलाचा नवा कायदा २००९ चा आहे, पण आमच्या शिवारात त्याचं नाव घेतलेलं मी अजून ऐकलं नाही.

मी एकट्यानं उपसा कमी केला तर माझी बाग जाईल आणि पाणी शेजाऱ्याच्या तळ्यात जाईल. सगळ्यांनी मिळून केला तरच अर्थ आहे. हे सगळ्यांना कळतं. पहिला कोण, एवढाच प्रश्न आहे.

नाथसागर

पैठणहून, जायकवाडी धरणाच्या गावाहून. नाशिककरांच्या धाग्यावर आमच्यासारख्यांनी लिहावं की नाही असा विचार केला, पण गोदातीर यांनी आमचं नाव घेतलंच आहे.

१५ ऑक्टोबरला जायकवाडीत पाणी ठरलेल्या टक्क्यापेक्षा कमी असलं की वरच्या धरणांतून सोडायचं, याला २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याचा आधार आहे. २०१५, २०१८, २०२३, प्रत्येक वेळी तुमच्याकडे आंदोलन आणि आमच्याकडेही आंदोलन. तुमच्या पेपरांत 'पाणी पळवलं', आमच्या पेपरांत 'हक्काचं पाणी अडवलं'. हा वाद फक्त किती पाण्याचा आहे. कसं पाणी, हा विषय दोन्हीकडं कुणी काढत नाही. आम्हाला टीएमसी मोजून मिळतात आणि आम्ही त्यावर समाधानी. निफाडकरांचा शेततळ्याचा मुद्दा तर आमच्याकडच्या मोसंबीवाल्यांना जसाच्या तसा लागू आहे, त्यामुळे फक्त वरच्यांना बोल लावायचा माझा विचार नाही.

कसमादेकर

गोदातीर यांनी उदाहरण मागितलंय. आमच्या बागलाण-कळवणकडची पाणीवाटपाची फड पद्धत सांगतो. मोसम, आरम, गिरणा, पलीकडं धुळ्यात पांझरा, या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत. ही पद्धत काही शतकं चालली.

बंधाऱ्याखालचं रान फडांत, म्हणजे मोठ्या पट्ट्यांत, वाटलेलं असायचं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पीक दर वर्षी फडाफडातून फिरायचं. खुबी अशी की प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा जवळपास प्रत्येक फडात. पाऊस कमी झाला की पंच बसून ठरवायचे, यंदा दोनच फड भिजवू. मग नुकसान सगळ्यांचंच, सारख्या प्रमाणात. एकाचं पूर्ण रान ओलं आणि दुसऱ्याचं पूर्ण कोरडं, असं होतच नव्हतं. त्यामुळे पाट नीट ठेवायचा की नाही यावर भांडण नाही, दर वर्षी सगळे फावडी घेऊन पाट काढायला हजर.

आणि शेतकऱ्यानं स्वतः पाणी धरायचं नाही. पाणी भरणार पाटकरी, रानावर नजर ठेवणार जागल्या, त्यांच्यावर हवालदार. त्यांना शेतकरीच धान्यात मोबदला द्यायचे. पाटकऱ्याला कुणाच्या रानात जास्त पाणी सोडायचं कारण नसायचं, कारण सगळं पीक त्याच्यावर सोपवलेलं.

मोडली कशानं? आमच्या भागातली माणसं काही बिघडली नाहीत. वर धरणं झाली, नदीला बारमाही पाणी राहिलं नाही. विहिरीवर इंजिन आलं, मग मोटर आली. ज्याच्याकडे विहीर तो म्हणाला, मला पंचांची काय गरज? एकेक जण बाहेर पडत गेला. काही बंधाऱ्यांवर थोडंफार अजून चालतं, पण जुना दरारा गेला.

बाणगंगा

कसमादेकर, जुनीच कशाला, नवी सांगतो. दिंडोरी तालुक्यातलं वाघाड धरण, आणि त्याच्या कालव्याच्या शेपटाला आमचं ओझर. शेपटाला असल्यामुळे पाणी कधी पोचायचंच नाही, वरचे उचलून घ्यायचे. १९९० च्या सुमारास इथल्या शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढल्या. पाणी मोजून घ्यायचं, घनमीटरवर, एकरावर नाही. जेवढं घेतलं तेवढ्याचे पैसे. पाणी संस्थेच्या दाराशी मोजून आल्यावर आत कुणी चोरलं तर ते आपल्याच भावकीतलं गेलं, हे सगळ्यांना दिसायला लागलं. ओढ्यांवरचे बंधारे भरून घेतले, विहिरींना पाणी उतरलं. पुढं सगळ्या वाघाडवर अशा संस्था झाल्या आणि अख्ख्या प्रकल्पाचं व्यवस्थापनच शेतकऱ्यांकडे आलं. राज्यात हे पहिलं.

हे सहजासहजी झालं नाही. बापू उपाध्ये यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षं बांधाबांधावर बैठका घेतल्या. आणि एक बारकी गोष्ट, पुढाकार शेपटाकडच्यांनी घेतला. वरच्यांना कधीच गरज नव्हती.

गोदातीर

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं लिहिलं जाईल असं वाटलं नव्हतं.

शंकासुर, तुमचा पाकिटाचा प्रश्न टाळत नाही. प्लास्टिकबंदीचं तुमचंच उदाहरण घ्या. भाजीवाल्यावर दंड बसत होता तोवर तो पिशवी देत नव्हता, थांबला तशी पिशवी परत आली. भाजीवाल्याची शिस्त तीन महिन्यांत वाढून पुन्हा घटली का? त्याच्यासमोरची परिस्थिती बदलली. इंदूरचंही तसंच. गाडी रोज दारात आली, ओला-सुका वेगळा नसेल तर उचलला गेला नाही, आणि उचललेला खरोखर वेगळा प्रक्रियेला गेला. हे वर्षानुवर्षं रोज करत राहणं हीच शिस्त, पण ती आधी महापालिकेनं पाळली. लोक मागून आले. आपल्याकडं 'देव द्या, देवपण घ्या' म्हणत विद्यार्थी विसर्जनाला मूर्ती जमा करायला उभे राहायचे. सुरुवातीला लोक बिचकायचे. शेजारचा देतोय हे दिसायला लागलं तसे हात पुढं येत गेले. दंडाशिवायही बदल होतो, फक्त दुसरे करताहेत हे दिसावं लागतं.

निफाडकर, ठिबकबद्दल तुम्ही लिहिलंत ते अर्थशास्त्रज्ञ स्टॅनली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाबद्दल लिहून ठेवलंय. इंजिनं सुधारली, कमी कोळशात जास्त काम होऊ लागलं आणि इंग्लंडचा कोळशाचा खप वाढला. वरची मर्यादा घातल्याशिवाय काटकसर म्हणजे बचत होत नाही. आणि तुमच्या 'पहिला कोण'चं उत्तर बाणगंगांनी दिलंय असं मला वाटतं. ज्याची विहीर सगळ्यात आधी आटते तो. अडचण अशी की नदीच्या प्रदूषणात खालचा माणूस दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या जिल्ह्यात असतो. ओझर आणि वाघाड एका एसटीच्या अंतरावर होते. नाशिक आणि पैठण एका बैठकीला कधी बसणार? नाथसागर, टीएमसीबरोबर पाण्याची प्रत मोजायची मागणी पैठणहून आली तर नाशिकमधले आम्ही काही जण नक्की पाठिंबा देऊ.

शंकासुर

तुमचं भाजीवाल्याचं पटलं. पाकीट फेकणाऱ्याला मी तरी माफ करणार नाही, पण त्याच्यापेक्षा पावसाळी गटाराला जोडलेली एक इमारत किती पट नुकसान करते ते जुना ओव्हरसिअर यांचं वाचून लक्षात आलं. आपल्या इमारतीचं पाणी कुठं जातं ते घरबसल्या कसं कळेल?

अनघा_इंदिरानगर

मीही हेच विचारणार होते. आमच्याकडे पूर्णत्वाच्या दाखल्याबरोबरचा नकाशा आहे, त्यावर जोडणी मलवाहिकेला दाखवली आहे. पण आता त्यावर विश्वास बसेना.

जुना ओव्हरसिअर

नकाशा बाजूला ठेवा. पाऊस नसताना, सलग चार-पाच कोरडे दिवस गेल्यावर सकाळी आठच्या सुमारास बघा, तेव्हा घराघरांतून पाणी सुटलेलं असतं. फाटकासमोरच्या पावसाळी गटाराला लोखंडी जाळी असते. तिच्यातून वाहत्या पाण्याचा आवाज किंवा साबणाचा वास आला तर कुणाची तरी जोडणी चुकीची आहे. उन्हाळ्यात पावसाळी गटार कोरडं ठाक असायला हवं.

ती तुमचीच आहे का हे बघायला खायचा रंग किंवा पाण्यात विरघळणारा साधा रंग बादलीभर पाण्यात कालवून तळमजल्याच्या संडासात ओता, वर दोन-तीन बादल्या पाणी सोडा. एकानं सोसायटीच्या शेवटच्या चेंबरशी उभं राहायचं, एकानं बाहेरच्या जाळीशी. रंग जाळीतून दिसला की शंका उरत नाही. मग फोटो आणि वेळ टाकून विभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगू नका. जोडणी बदलायचा खर्च सोसायटीवर येईल, तो सभेत आधीच मांडून ठेवा, नाहीतर अनघाताईंच्या सेन्सरसारखं होईल.

आणि कळकळीनं सांगतो, झाकण उघडलं तरी आत कुणी उतरायचं नाही, कुणा मजुरालाही पैसे देऊन उतरवायचं नाही. आतल्या वायूनं माणूस क्षणात जातो, आणि २०१३ च्या कायद्यानं तसं उतरवणं गुन्हा आहे. वरून बघून जेवढं कळतं तेवढं पुरेसं आहे.

अनघा_इंदिरानगर

रविवारी करते. शेजारच्या दोन सोसायट्यांनाही सांगितलंय, एकाच गटारावर आहोत. काय निघतं ते इथंच लिहीन.